संशोधक विद्यार्थ्यांची अध्यापन-तयारी

पीएच.डी. किंवा पदव्युत्तर शिक्षण घेत असलेल्या विद्यार्थ्यांना महाविद्यालयात आणि विद्यापीठात शिकवण्यासाठी तयार करण्याची पद्धत. वर्ग घेण्याचा प्रत्यक्ष सराव, त्या सरावाचे निरीक्षण आणि त्यावरची चर्चा, प्रश्नपत्रिका काढण्याचे व उत्तरपत्रिका तपासण्याचे शिक्षण, तसेच माणूस शिकतो कसा याचा अभ्यास, हे तिचे मुख्य भाग. अमेरिकेत ती १९६०नंतर आकाराला आली. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या पीएच.डी. नियमांनी ती बंधनकारक केली आहे.

विषय येणे आणि शिकवता येणे

शिक्षकी पेशाची वाट मराठी घरांत ठाऊक असते : प्राथमिक शाळेसाठी डी.एड., माध्यमिकसाठी बी.एड., कनिष्ठ महाविद्यालयासाठी पदव्युत्तर पदवी आणि बी.एड. वरिष्ठ महाविद्यालयात मात्र ही अट नाहीशी होते. तिथे पदव्युत्तर पदवीला नेट किंवा सेट या पात्रता परीक्षेची किंवा पीएच.डी.ची जोड लागते, पण शिकवण्याचा सराव कुणी मागत नाही. नेटच्या दोन पेपरांत मिळून १५० प्रश्न असतात आणि त्यांत अध्यापन अभिक्षमतेवरचे जेमतेम पाच. ज्याला विषय येतो त्याला तो शिकवताही येतो, असे ही व्यवस्था धरून चालते. हे खरे नाही, आणि त्याची किंमत पहिल्या वर्षाला बसलेली मुले मोजतात.

विषयात मुरलेल्या माणसाच्या डोक्यातल्या पायऱ्या एकमेकींत मिसळून गेलेल्या असतात. प्रमाण विचलन, म्हणजे आकड्यांच्या पसरटपणाचे माप, काढताना सरासरीपासूनच्या फरकांचा वर्ग का करायचा, हा प्रश्न सांख्यिकीत पीएच.डी. करणाऱ्याला पडेनासा होऊन वर्षे झालेली असतात. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याला तो पडतो, पण विचारायचा धीर होत नाही. तो सूत्र पाठ करून मोकळा होतो. शिकवणाऱ्याला एवढेच दिसते की फळ्यावर सगळे नीट उतरले. तोच शिक्षक तयार झालेला असेल तर आधी मुलांकडून चार आकडे घेतो, फरक काढायला लावतो, त्यांची बेरीज करायला सांगतो. बेरीज शून्य येते. दुसरे चार आकडे घेतले तरी शून्यच. मग यातून पसरटपणा मोजायचा कसा, हा प्रश्न वर्गातूनच वर येतो आणि फरकांचा वर्ग करण्याची गरज मुलांना स्वतःच कळते. यात पाच मिनिटे जास्त जातात. ती पाच मिनिटे कुठे खर्च करायची हे ओळखणे म्हणजेच ही तयारी.

अमेरिकेतली घडण

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी विद्यापीठांत विद्यार्थ्यांची संख्या झपाट्याने वाढली. मोठ्या सभागृहात प्राध्यापक व्याख्यान देत आणि त्याच विद्यार्थ्यांचे छोटे गट, प्रयोगशाळा व गृहपाठ तपासणी टीचिंग असिस्टंट म्हणजे टीए सांभाळत. टीए हा पीएच.डी. करणारा विद्यार्थीच; कामाच्या बदल्यात त्याची फी सहसा माफ होते आणि दरमहा विद्यावेतन मिळते. विद्यापीठांची सोय झाली, पण या तरुणांना शिकवायचे कसे हे कुणी शिकवले नव्हते. मिशिगन विद्यापीठाने १९६२मध्ये अध्ययन-अध्यापनावर संशोधन करणारे केंद्र काढले. स्टॅनफर्डमध्ये १९६३च्या सुमारास सूक्ष्म अध्यापनाचा, म्हणजे काही मिनिटांच्या पाठात एकाच कौशल्याचा सराव करण्याचा, प्रयोग सुरू झाला. तो शाळेच्या शिक्षकांसाठी होता, पण पुढे टीएंच्या प्रशिक्षणातही रुळला. १९७०च्या दशकात हार्वर्डनेही असे केंद्र उभारले, जे आज बॉक केंद्र म्हणून ओळखले जाते.

१९९३मध्ये ‘प्रिपेअरिंग फ्यूचर फॅकल्टी’ हा उपक्रम सुरू झाला. महाविद्यालये व विद्यापीठांची राष्ट्रीय संघटना आणि पदव्युत्तर विद्याशाखांची परिषद यांनी प्यू न्यासाच्या अनुदानावर तो चालवला. त्यामागे एक साधे निरीक्षण होते. पीएच.डी. मोठ्या संशोधन विद्यापीठात होते, पण बहुतेकांना नोकरी मिळते ती लहान महाविद्यालयात, जिथे प्रयोगशाळा बेताची असते, तासिका भरपूर असतात आणि विद्यार्थी निरनिराळ्या थरांतून आलेले असतात. म्हणून एका विद्यापीठाभोवती काही लहान महाविद्यालये आणि दोन वर्षांची कम्युनिटी कॉलेजे जोडण्यात आली. संशोधक विद्यार्थ्याला तिथला एक अध्यापक मार्गदर्शक म्हणून मिळे. त्याच्या वर्गात बसायचे, त्याच्यासोबत विभागाच्या बैठकीला जायचे, एखादा घटक स्वतः शिकवायचा. दहा वर्षांत ४५हून अधिक विद्यापीठे आणि सुमारे ३०० भागीदार संस्था यात आल्या. २००३पासून राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानच्या मदतीने ‘सर्टल’ हे जाळे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी काम करू लागले. आपला वर्ग हाही अभ्यासाचा विषय आहे, बदल करून पाहा आणि पुरावा गोळा करा, असा त्याचा आग्रह आहे.

ब्रिटनमध्ये उच्च शिक्षणावरच्या १९९७च्या डिअरिंग अहवालाने नव्या अध्यापकांच्या प्रशिक्षणाची मागणी लावून धरली. तिथल्या व्यावसायिक मान्यतेची पहिली पायरी असलेली असोसिएट फेलोशिप, शिकवण्याचे काम करणाऱ्या पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांनाही मिळवता येते.

पुण्या-मुंबईहून अमेरिकेत गेलेल्या कित्येक मराठी मुलामुलींनी आयुष्यातला पहिला वर्ग टीए म्हणूनच घेतला आहे. अनेक विद्यापीठांत परदेशी टीएला वर्गात पाठवण्यापूर्वी त्याच्या इंग्रजी बोलण्याची चाचणी घेतात. भाषेपेक्षा अवघड जाते ती वर्गातली रीत. सर आत आले की उभे राहायचे, या वळणात वाढलेल्या मुलीसमोर तिचे विद्यार्थी तिला नावाने हाक मारतात, मध्येच हात वर करून ‘हे मला पटत नाही’ म्हणतात आणि दोन गुणांसाठी तिच्या ऑफिसच्या वेळेत येऊन वाद घालतात. यात अनादर नाही हे तिला कुणीतरी आधी सांगावे लागते. चांगल्या केंद्रांत त्यासाठी वेगळे सत्र असते.

तयारीत काय असते

सूक्ष्म अध्यापन बी.एड. केलेल्या प्रत्येकाला परिचयाचे असते, कारण आपल्याकडे शिक्षणशास्त्र महाविद्यालयांत त्याचा ३६ मिनिटांचा साचा रूढ आहे : सहा मिनिटे पाठ, सहा मिनिटे प्रत्याभरण (फीडबॅक), बारा मिनिटे पुनर्नियोजन, पुन्हा सहा मिनिटे पाठ आणि सहा मिनिटे प्रत्याभरण. पाठ एका कौशल्यापुरता असतो. प्रश्न विचारणे, उदाहरण देणे, फलकलेखन असे काहीतरी एकच. विद्यापीठांच्या केंद्रांत यात चित्रीकरणाची भर पडते. संशोधक विद्यार्थी स्वतःला पहिल्यांदा पडद्यावर पाहतो तेव्हा आपण सहा मिनिटांतली चार फळ्याकडे तोंड करून बोललो, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. निरीक्षकाने तेव्हा एकच गोष्ट उचलावी आणि तिच्यावर बोलावे. दहा चुकांची यादी हातात दिली की माणूस बचावाच्या पवित्र्यात जातो आणि दुसरा पाठ पहिल्याहून वाईट होतो.

प्रश्न विचारण्याचे कौशल्य सगळ्यांत जास्त वेळ मागते. ‘समजलं का?’ या प्रश्नाला आपल्या वर्गांत एकच उत्तर असते, ते म्हणजे ‘हो सर’. त्यातून काहीच कळत नाही. १९७०च्या दशकात मेरी बड रो या अमेरिकी संशोधिकेने शिक्षक प्रश्न विचारल्यावर किती थांबतात ते मोजले. तो वेळ साधारण एक सेकंद भरला. तो तीन सेकंदांच्या वर नेला, तर उत्तरे लांबतात, कारणे दिली जातात आणि एरवी गप्प राहणारी मुले बोलू लागतात. तीन सेकंद शांत उभे राहणे नव्या शिक्षकाला फार जड जाते. ती शांतता त्याला स्वतःचे अपयश वाटते. म्हणून हे वाचून येत नाही, उभे राहून सोसावे लागते.

हार्वर्डमधले भौतिकशास्त्रज्ञ एरिक माझूर यांनी १९९१च्या सुमारास सुरू केलेली पद्धतही आता या प्रशिक्षणात हमखास असते. संकल्पनेवरचा एक बहुपर्यायी प्रश्न द्यायचा, प्रत्येकाने आपापले उत्तर नोंदवायचे, मग शेजाऱ्याला आपले म्हणणे पटवून द्यायचा प्रयत्न करायचा आणि पुन्हा उत्तर नोंदवायचे. यात कौशल्य आहे ते प्रश्न निवडण्यात. तो फार सोपा असला तर चर्चेला कारण उरत नाही, आणि कुणालाच येत नसेल तर एकमेकांच्या चुका तेवढ्या पक्क्या होतात. साधारण एकतृतीयांश ते दोनतृतीयांश वर्गाचे उत्तर बरोबर यावे, असा प्रश्न लागतो.

उत्तरपत्रिका तपासणीचे सत्र फारसे गाजत नाही, पण माझ्या मते तेच डोळे उघडणारे असते. दहा गुणांचे एकच दीर्घोत्तर सगळ्या सहभागींना तपासायला देतात आणि गुण फळ्यावर मांडतात. कुणी चार दिलेले असतात, कुणी आठ. एकाने भाषेचे कापलेले असतात, दुसऱ्याने आकृतीचे वाढवलेले. मग गट बसून निकष लिहितो : कशाला किती गुण, अर्धवट बरोबर असेल तर काय. त्या निकषांवर दुसरे उत्तर तपासले की आकडे जवळ येतात. विद्यार्थ्याचे वर्ष या आकड्यांवर ठरत असल्यामुळे हे शिक्षण कुणालाही ऐच्छिक नसावे. प्रयोगशाळेत जर्नल तपासणे, व्हायव्हा घेणे आणि सुरक्षिततेच्या सूचना देणे हे मात्र बहुतेक ठिकाणी कामातूनच शिकले जाते.

भारतातली वाटचाल

कोठारी आयोगाने (१९६४–६६) नव्या अधिव्याख्यात्यांसाठी सत्राच्या सुरुवातीला उद्बोधन वर्ग घ्यावेत, अशी शिफारस केली होती. आयोगाचे सदस्य-सचिव होते कोल्हापूर जिल्ह्यातले जे. पी. नाईक. या शिफारशीला संस्थात्मक रूप यायला १९८६चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण उजाडावे लागले. त्यानंतर विद्यापीठांत अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे, म्हणजे अध्यापकांच्या प्रशिक्षणाची केंद्रे, निघाली. पुणे, मुंबई, नागपूर, औरंगाबाद आणि गोवा इथेही. प्राध्यापकांच्या बोलण्यात ‘ओरिएंटेशन’ आणि ‘रिफ्रेशर’ हे शब्द तिथूनच आले. या केंद्रांचे नाव पुढे मानव संसाधन विकास केंद्र झाले, आणि २०२३पासून ती मालवीय मिशन या अध्यापक-प्रशिक्षण कार्यक्रमाखाली चालतात. त्यांनी मोठे काम केले आहे, पण त्यांच्या दारात येणारा माणूस आधीच नोकरीत असतो. त्याच्या सवयी पडून गेलेल्या असतात आणि पदोन्नतीसाठी प्रमाणपत्र हवे असल्याने तो पुष्कळदा आलेला असतो. तयारी नेमणुकीनंतर नव्हे, आधी व्हायला हवी.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने हा क्रम बदलला. प्रत्येक पीएच.डी. विद्यार्थ्याने आपल्या विषयाच्या अध्यापनाशी व लेखनाशी निगडित श्रेयांकित (क्रेडिट असलेला) अभ्यासक्रम करावा, असे त्यात म्हटले आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नोव्हेंबर २०२२च्या नियमांनी ते प्रशिक्षण आवश्यक केले. शिवाय ट्यूटोरियल, प्रयोगशाळा आणि मूल्यमापनासाठी संशोधकाला आठवड्याला चार ते सहा तासांचे काम देता येईल, अशी तरतूद केली. आयआयटीत तर टीएची प्रथा जुनीच आहे. तिथे एम.टेक.च्या विद्यार्थ्यांना विद्यावेतनाच्या बदल्यात आठवड्याला आठ तास काम करावे लागते.

महाराष्ट्रात या तरतुदीला वेगळे वजन आहे. इथे सेट (महाराष्ट्र व गोव्यासाठी ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते) किंवा नेट झालेला तरुण बहुधा तासिका तत्त्वावर, म्हणजे सीएचबीवर, शिकवायला लागतो. मानधन तासाप्रमाणे, नेमणूक सत्रापुरती, आणि प्रवास बरेचदा दोन-तीन महाविद्यालयांत मिळून. त्याचा वर्ग कुणी पाहत नाही, कारण पाहणाऱ्याला तेवढा वेळ नसतो. राज्यातले कितीतरी विद्यार्थी महाविद्यालयातला पहिला तास अशाच शिक्षकाकडे बसतात. त्याची तयारी पीएच.डी.च्या काळातच झाली नाही, तर पुढे ती होण्याची जागाच उरत नाही.

भाषेचा प्रश्नही इथलाच आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यमातून आलेली मुलगी अकरावीत किंवा बी.एस्सी.त एकदम इंग्रजी पुस्तकांपुढे येते. तिला ‘त्वरण’ माहीत असते, ‘अ‍ॅक्सिलरेशन’ नवे असते. संकल्पना तिच्यापाशी आहे, शब्द नाही. दोन्ही शब्द फळ्यावर शेजारी लिहिणे, आधी मराठीत बोलू देणे आणि मग इंग्रजीत लिहायला लावणे ही साधी युक्ती आहे. परदेशी पुस्तकांवर बेतलेल्या प्रशिक्षणात ती सापडणार नाही. इथल्या अभ्यासक्रमात ती असायलाच हवी.

आक्षेप आणि पुरावे

शिकवण्यात वेळ गेला की प्रबंध लांबतो, हा मार्गदर्शकांचा नेहमीचा आक्षेप. त्यात तथ्य आहे, विशेषतः जिथे संशोधकाला विभागाची कारकुनी आणि रजेवर गेलेल्यांचे तास एकत्रच गळ्यात मारले जातात. पण २०११मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाने दुसरी बाजू दाखवली. विज्ञान शाखांतले जे विद्यार्थी संशोधनाबरोबर शिकवतही होते, त्यांची तपासता येईल असे गृहीतक मांडण्याची आणि प्रयोग आखण्याची क्षमता फक्त संशोधन करणाऱ्यांपेक्षा अधिक सुधारलेली दिसली. दुसऱ्याचा गोंधळ सोडवताना आपलीही मांडणी तपासली जाते.

शिकवण्याच्या पद्धतीने खरोखर फरक पडतो का, यावर २०१४मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणितातल्या २२५ अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. नुसत्या व्याख्यानाच्या वर्गांत अनुत्तीर्ण होणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ३४ टक्के होते. विद्यार्थ्यांना वर्गातच विचार करायला आणि बोलायला लावणाऱ्या वर्गांत ते सुमारे २२ टक्के होते. शंभर जणांच्या वर्गात हा बारा मुलांचा फरक होतो.

नव्या नियमांचे काय होणार हे विभागांवर अवलंबून आहे. अध्यापनशास्त्राचा पेपर म्हणजे पुन्हा एक पाठांतराचा विषय केला, तर उपयोग नाही. मार्गदर्शकाने आपल्या पदवी अभ्यासक्रमातला एक घटक संशोधकाला द्यावा, त्याचे टाचण आधी पाहावे, मागच्या बाकावर बसून दोन तास ऐकावेत आणि नंतर अर्धा तास त्याच्याशी बोलावे. याला वेगळे अनुदान लागत नाही, आणि चार ते सहा तासांच्या तरतुदीत ते सहज बसते.