रविवारचे वचन आणि आठवड्याचे सहा दिवस : साप्ताहिक ख्रिस्ती बोधाची पार्श्वभूमी

नागपूर शहराचा आठवडा त्याच्या जुन्या वस्त्यांच्या नावांतच दिसतो. इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिचरी ही नावे वारांची आहेत. बाजाराला आठवड्याचा दिवस ठरवून दिला की त्याभोवती माणसांचे येणे-जाणे, देणे-घेणे आणि ओळखी आपोआप बांधल्या जातात, हे या शहराला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. येथील ख्रिस्ती मंडळीचा, म्हणजे चर्चचा, आठवडाही असाच वारांनी बांधलेला असतो. रविवारी सकाळी उपासना आणि मुलांची शब्बाथ शाळा, आठवड्याच्या मध्यावर कोणाच्या तरी घरी प्रार्थनासभा, एखाद्या दुपारी महिला संघाची बैठक आणि या सर्वांच्या मुळाशी घराघरांतली कौटुंबिक उपासना, असा तो क्रम आहे. या क्रमात पाळकांनी किंवा मंडळीतल्या एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने आठवड्यासाठी एक वचन द्यावे आणि ते रोजच्या जगण्यात कसे उतरवावे याविषयी धीराचे चार शब्द सांगावेत, अशी रीत आहे. मोबाइलवर दर रविवारी येणाऱ्या संदेशांमुळे ही रीत नवी असल्याचे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात तिची मुळे मंडळीच्या पहिल्या पिढीपर्यंत पोहोचतात आणि तिच्या इतिहासातले काही महत्त्वाचे धागे नागपुरात येऊन मिळालेले आहेत.

प्रथम ‘बोध’ या शब्दाचा विचार करणे आवश्यक आहे. नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात कुप्र बेटातल्या योसेफ नावाच्या लेव्याची, म्हणजे यहुदी मंदिरसेवकांच्या वंशातल्या माणसाची, ओळख होते. प्रेषित त्याला बर्णबा म्हणत, आणि मराठी पवित्र शास्त्राने या नावाचा अर्थ ‘बोधपुत्र’ असा दिला आहे. मूळ ग्रीक शब्द आहे ‘पाराक्लेसिस’. एखाद्याला जवळ बोलावणे, त्याला धीर देणे, विनवणे, दुःखात त्याचे सांत्वन करणे आणि वेळ आली तर त्याला सावध करणे, एवढा सगळा अर्थ त्या एका शब्दात सामावलेला आहे. योहानाच्या शुभवर्तमानात पवित्र आत्म्यासाठी जो ‘कैवारी’ शब्द आपण वाचतो, तोही मुळात याच शब्दकुळातला आहे. मराठी भाषांतरकारांनी जागोजागी बोध, उत्तेजन, सांत्वन असे वेगवेगळे शब्द वापरले, कारण एकाच मराठी शब्दात हा अर्थ मावत नव्हता. माझ्या मते त्यांची ही अडचण आपल्यासाठी लाभाची ठरली. ‘बोध’ म्हटले की मराठी माणसाच्या कानांना केवळ गोड बोलणे ऐकू येत नाही, वागणे बदलण्याची अपेक्षाही ऐकू येते. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात ‘आज’ म्हटलेले आहे तोपर्यंत प्रतिदिवशी एकमेकांना बोध करा असे सांगितले आहे, आणि त्याच पत्रात पुढे एकत्र मिळण्याची चाल न सोडण्याची विनंती आहे. म्हणजे रोजचा बोध आणि ठरलेल्या दिवशीचे एकत्र येणे या दोन गोष्टी आरंभापासून एकमेकींना धरून आहेत, आणि दोन्ही ठिकाणी शब्द ‘एकमेकांना’ असा आहे.

पहिल्या शतकांतला पुरावा थोडा पण स्पष्ट आहे. इ.स. 112 च्या सुमारास रोमन अधिकारी प्लिनी याने सम्राटाला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोक ठरलेल्या दिवशी उजाडण्यापूर्वी जमून ख्रिस्ताचे स्तोत्र गातात आणि चोरी, व्यभिचार, विश्वासघात न करण्याची शपथ घेतात, अशी नोंद आहे. इ.स. 155 च्या सुमारास जस्टिन मार्टर या ख्रिस्ती लेखकाने रविवारच्या उपासनेचे वर्णन केले. तीत प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जात आणि मग अध्यक्ष त्या चांगल्या गोष्टींचे अनुकरण करण्याचा बोध करी. वाचन, त्यावरचा बोध आणि बोधानंतरचे वर्तन हा सांगाडा तेव्हाच तयार झाला होता. सम्राट कॉन्स्टंटाइनने 321 साली रविवार विश्रांतीचा दिवस ठरवला, तोपर्यंत हे सर्व कामाच्या दिवशी, कामावर जाण्याआधी चालत असे. रविवारी दुकान उघडे ठेवावे लागणाऱ्या किंवा पाळीवर जावे लागणाऱ्या आजच्या विश्वासी माणसाला हे कळून दिलासा मिळावा.

मधली अनेक शतके येथे ओलांडून जाणे योग्य ठरेल, कारण त्या काळात रोजच्या प्रार्थनेचे तास मुख्यतः मठांमध्ये पाळले गेले. सामान्य घरापर्यंत रोजचे वचन पोहोचण्यास छापखान्याची आणि लोकभाषेतल्या पवित्र शास्त्राची वाट पाहावी लागली. 1549 साली इंग्लंडच्या, म्हणजे अँग्लिकन, मंडळीचे सामान्य प्रार्थनेचे पुस्तक निघाले. त्यात प्रत्येक रविवारसाठी एक छोटी प्रार्थना नेमून दिली होती, आणि पुढच्या परंपरेत तीच प्रार्थना सोमवार ते शनिवार रोज म्हटली जाऊ लागली. साप्ताहिक बोधामागची कल्पना समजून घेण्यास मला हे उदाहरण सर्वांत उपयोगी वाटते. रविवारी एक वाक्य मिळते, तेच सहा दिवस ओठांवर राहते आणि तोपर्यंत ते आपले होऊन जाते.

यानंतरच्या दोन शतकांत तीन वेगवेगळ्या ठिकाणी तीन रीती रुजल्या. स्कॉटलंडच्या मंडळीच्या महासभेने 1647 साली कौटुंबिक उपासनेविषयी मार्गदर्शिका मंजूर केली आणि घरातल्या प्रार्थनेची व शास्त्रवाचनाची जबाबदारी कुटुंबप्रमुखावर टाकली. जर्मनीत हेर्नहूट येथे मोरावियन बंधुसमाज या प्रोटेस्टंट पंथाचा पुढारी काउंट झिन्झेंडॉर्फ याने 3 मे 1728 रोजी संध्याकाळच्या सभेत दुसऱ्या दिवसासाठी एक घोषवचन दिले. मग ते वचन रोज घरोघर जाऊन सांगण्याची पद्धत पडली आणि 1731 सालासाठी वर्षभराच्या वचनांचे पहिले पुस्तक छापले गेले. ते पुस्तक आजही दरवर्षी निघते. तिसरी रीत इंग्लंडमधील ब्रिस्टॉल शहरातली आहे. 1742 साली तेथे सभागृहाचे कर्ज फेडण्यासाठी मेथॉडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याच्या अनुयायांनी बारा-बारा जणांचे गट केले आणि प्रत्येक गटाच्या प्रमुखाने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करावी असे ठरले. पेनी मागायला घरी गेलेल्या माणसाला घरातल्या अडचणी, भांडणे, आजारपणे दिसू लागली. तेव्हा वेस्लीच्या लक्षात आले की, आत्म्याची विचारपूस करण्यासाठी याहून चांगली व्यवस्था मिळणार नाही. त्यातून साप्ताहिक वर्गसभा उभी राहिली. तेथे कोणी प्रवचन देत नसे. या आठवड्यात तुझा जीव कसा आहे, एवढा प्रश्न प्रत्येकाला विचारला जाई. आपल्याकडच्या घरसभांतून ‘साक्ष’ देण्याची, म्हणजे आपला अनुभव सांगण्याची, जी वेळ असते, ती याच वर्गसभेच्या जवळची आहे.

नागपुरात आलेली पहिली मोठी धारा स्कॉटिश होती. 1843 साली स्कॉटलंडच्या मंडळीत फूट पडून फ्री चर्च निर्माण झाले आणि दोनच वर्षांनी, 1845 साली, त्या मंडळीचे स्टीफन हिस्लॉप भोसल्यांच्या नागपुरात दाखल झाले. 1847 साली रॉबर्ट हंटर त्यांना येऊन मिळाले. हिस्लॉप भूगर्भशास्त्राचे जाणकार होते आणि गोंड व अन्य आदिवासी समाजांविषयीची त्यांची टिपणे त्यांच्या मृत्यूनंतर 1866 साली प्रसिद्ध झाली. 4 सप्टेंबर 1863 रोजी, टाकळघाट येथील प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या नावाचे महाविद्यालय 1883 पासून या शहरात उभे आहे. हिस्लॉप ज्या पिढीत वाढले त्या पिढीवर डंडीचे तरुण पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांचा मोठा प्रभाव होता. मॅकचेन यांनी 1842 च्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी वर्षभराच्या वाचनाचा तक्ता तयार केला. त्यानुसार जुना करार वर्षातून एकदा आणि नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होत. घरातली वाचने आणि एकट्याने करायची वाचने त्यांनी वेगळी दिली होती. अशा तक्त्यांचा आणि घरगुती उपासनेचा संस्कार घेऊन आलेल्या माणसांनी सीताबर्डीच्या परिसरात शाळा चालवल्या. जुन्या ख्रिस्ती घरांत दिवेलागणीला गीत, शास्त्रपाठ आणि प्रार्थना असा जो क्रम असे, त्याची एक जन्मकथा येथे सापडते.

पण तक्ता हाती असला तरी वाचायला मराठी शास्त्र हवे आणि वाचता येणारा माणूसही हवा. विल्यम कॅरी यांनी सेरामपूरहून मत्तयकृत शुभवर्तमान 1805 साली आणि नवा करार 1811 साली मराठीत आणला. कामात त्यांना वैजनाथ पंडितांचे साह्य होते. 1813 साली मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांनी नव्याने भाषांतर केले, त्यांचा नवा करार 1826 साली निघाला, आणि शतकाच्या मध्याच्या सुमारास संपूर्ण मराठी शास्त्र वाचकांच्या हाती आले. पुढे पंडिता रमाबाईंनी मूळ भाषा शिकून, खेड्यातल्या साध्या स्त्रीलाही समजेल अशा मराठीत संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले. 1922 साली त्या प्रभूकडे गेल्या आणि 1924 साली ते ग्रंथरूपाने बाहेर पडले. साक्षरता तुटपुंजी होती त्या काळात ‘बायबल वुमन’ म्हणून काम करणाऱ्या स्त्रिया घरोघर जाऊन ओव्या शिकवाव्यात तशी वचने तोंडपाठ करून घेत. मराठी ख्रिस्ती स्त्रियांची रोजची भक्ती मुख्यतः त्यांच्यामुळे उभी राहिली असे माझे मत आहे, आणि त्यांतल्या बहुतेकींची नावे कोठेही छापलेली नाहीत.

नियतकालिकांचा वाटाही मोठा आहे. 1842 साली अहमदनगरला ‘ज्ञानोदय’ सुरू झाले आणि पुढे त्याचे साप्ताहिक झाले. दूरच्या गावी चारच ख्रिस्ती घरे असलेल्या कुटुंबाला दर आठवड्याला येणारा अंक म्हणजे मंडळीची सोबत होती. याच पत्राच्या मराठी विभागाचे संपादन पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी केले, आणि टिळकांची कथा नागपुराशी जोडलेली आहे. 1891 च्या सुमारास ते नागपुरात अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचे काम करीत होते. 1893 साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका मिशनऱ्याने त्यांच्याशी काव्याविषयी गप्पा मारल्या, त्यांना नवा करार दिला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. टिळकांनी दिलेला शब्द पाळण्यासाठी वाचन सुरू केले आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबून राहिले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते म्हणत. त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन ही साधने ख्रिस्ती उपासनेत आणली. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहातली त्यांची पदे आजही नागपूरच्या घरसभांत टाळांच्या साथीने म्हटली जातात. परदेशातून आलेल्या रीतीला मराठी चाल मिळाली ती येथे, आणि माझ्या दृष्टीने या सर्व इतिहासातला हा सर्वांत मोलाचा टप्पा आहे. तक्ता पाळण्यासाठी शिस्त लागते, पण अभंग भाकरी थापताना आपसूक आठवतो.

‘सप्ताह’ या शब्दाविषयीही एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. 1858 साली पंजाबातल्या लुधियाना येथील प्रेसबिटेरियन मिशनऱ्यांनी जगभरच्या मंडळ्यांना आवाहन केले की, जानेवारी 1860 मधला एक आठवडा सर्वांनी मिळून प्रार्थनेत घालवावा. ते आवाहन स्वीकारले गेले आणि त्यातून नव्या वर्षाच्या आरंभीचा प्रार्थना सप्ताह जगात पसरला. अखंड हरिनाम सप्ताह ऐकत वाढलेल्या मराठी मंडळीला ही कल्पना परकी वाटण्याचे कारण नव्हते. लंडनमध्ये 1867 साली मुलांच्या सभांपासून सुरू झालेल्या चळवळीने, म्हणजे आजच्या स्क्रिप्चर युनियनने, 1879 साली रोजच्या वाचनाचे छोटे कार्ड काढले. शब्बाथ शाळेतल्या मुलांच्या हाती रोजचे वचन पोहोचवण्याची वाट या कार्डाने मोकळी केली.

या शहरात इतर धाराही होत्या. रोमन कॅथलिक धर्मप्रांत 1887 साली स्थापन झाला आणि 1953 साली त्याचा महाधर्मप्रांत झाला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर कॅथलिक उपासना लोकभाषेत आली आणि 1969 च्या आगमनकाळापासून, म्हणजे नाताळाआधीच्या आठवड्यांपासून, रविवारच्या वाचनांचे तीन वर्षांचे चक्र लागू झाले. अँग्लिकन मंडळीच्या नागपूर धर्मप्रांताचे पहिले बिशप आयर चॅटरटन 1903 साली नेमले गेले. यवतमाळला 1953 पासून तीस वर्षे युनियन बिब्लिकल सेमिनरी ही धर्मशिक्षणाची संस्था होती आणि 1983 साली ती पुण्याला गेली. अशा सर्व धारांपैकी सहा मंडळ्या 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरात ऑल सेंट्स कॅथेड्रलच्या आवारात एकत्र आल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्माला आली. त्यात अँग्लिकन आणि प्रेसबिटेरियन परंपरेबरोबर बाप्टिस्ट, ब्रदरेन, मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स परंपराही होत्या. भारतातील मंडळ्यांच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालयही याच शहरात आहे. या एकत्र येण्याचा परिणाम घरसभेत दिसतो. तेथे नेमलेली वाचने अँग्लिकन परंपरेची असतात, कुटुंबप्रमुखाने वाचायची पद्धत स्कॉटिश असते, साक्ष देण्याची वेळ मेथॉडिस्ट वळणाची असते आणि गीत टिळकांचे असते. जमलेल्यांपैकी कोणालाही त्याचे वेगळेपण जाणवत नाही.

फोनवरून येणाऱ्या साप्ताहिक संदेशाने या रीतीत एक बदल घडवला आहे आणि तो मला काळजीचा वाटतो. वर्गसभेत आणि घरसभेत बोध देणारा आणि घेणारा समोरासमोर असत. घेणाऱ्याचा चेहरा पाहून देणारा बोलणे बदलत असे, आणि पुढच्या आठवड्यात विचारपूसही होई. संदेश मात्र एका दिशेने जातो. म्हणून नागपुरातल्या काही कुटुंबांनी स्वीकारलेली पद्धत मला जुन्या रीतीला धरून असलेली वाटते. रविवारचे वचन वहीत लिहिले जाते, बुधवारच्या किंवा गुरुवारच्या सभेत त्याच वचनावर प्रत्येक जण दोन वाक्ये बोलतो, आणि जो आला नाही त्याच्या घरी शनिवारच्या आत कोणीतरी जाऊन येतो.