जलपर्णीच्या देठातली अळी

जलपर्णीचं एक पान तोडून उजेडात धरा. जलपर्णीला आवर घालण्यासाठी सोडला जाणारा सोंडकिडा त्या तळ्यात पोचला असेल, तर चकचकीत हिरव्या पानावर दोन-चार मिलिमीटरचे फिकट, काहीसे चौकोनी चट्टे दिसतील. भोक आरपार नसतं. वरची साल खरवडून खालचा हिरवा गर तेवढा खाल्लेला असतो. असे शेकडो चट्टे पडले की पान वाळू लागतं.

हे काम निओकेटिना आयकॉर्नी आणि त्याचा सख्खा भाऊबंद निओकेटिना ब्रुकी या दोघांचं. दोघेही जलपर्णीसारखेच मूळचे दक्षिण अमेरिकेतले. धान्यातला सोंडा आपल्या घरोघरी ओळखीचा आहे. हे त्याचेच दूरचे नातेवाईक, पुढे वाकलेली सोंड असलेले, जेमतेम पाच मिलिमीटर लांबीचे. अंगावरच्या दाट खवल्यांमुळे पाणी यांना भिजवत नाही. दिवसा ते देठांच्या बेचक्यात दडून बसतात आणि अंधार पडला की पानांवर येतात. दिवसा तळ्यावर जाऊन 'किडा कुठे दिसत नाही' म्हणणाऱ्यांची फसगत होते ती यामुळेच.

पानावरचे चट्टे डोळ्यांत भरतात, पण जलपर्णी खरी खचते ती आतून. मादी देठाच्या मऊ गरात अंडी घालते. आठ-दहा दिवसांत पांढरी, बिनपायांची, पिवळसर डोक्याची अळी बाहेर येते आणि देठ पोखरत खाली सरकते. जलपर्णी तरंगते ती याच फुगीर, हवा भरलेल्या देठांवर. अळीच्या बोगद्यात पाणी शिरतं, त्यामागून बुरशी आणि जिवाणू येतात, देठ सडतो. शेवटी अळी बुडख्याशी, म्हणजे नवीन पानं फुटतात त्या गाभ्यापर्यंत पोचते. तिथला कोंभच खाल्ला गेला की रोप खुरटतं, फुलं कमी येतात, पिलावळ थांबते. जमेल तिथं पंधरवड्यात दुप्पट होणाऱ्या वनस्पतीच्या बाबतीत हे फार मोलाचं आहे.

मला सर्वांत नवल वाटतं ते पुढच्या टप्प्याचं. पोसलेली अळी देठ सोडून पाण्याखालच्या मुळांत उतरते, मुळांचे बारीक तंतू कुरतडून त्यांचा गोल कोष विणते आणि तो जिवंत मुळाला चिकटवते. जमिनीवरच्या किड्याने कोषावस्था पाण्याखाली काढायची, तीही तरंगत्या झाडाच्या आधाराने! अंड्यापासून प्रौढापर्यंत साधारण तीन-चार महिने लागतात. ब्रुकी थोडा लवकर आटपतो.

मादीच्या शरीराचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. झाड रसरशीत असेल तेव्हा ती अंडी घालते आणि तिचे उडण्याचे स्नायू आखडलेले असतात. झाड खंगू लागलं की अंडी थांबतात, स्नायू पुन्हा भरतात आणि ती दुसरं तळं शोधायला उडते.

अमेरिकेत फ्लोरिडामध्ये आयकॉर्नी 1972 साली सोडला गेला. तिथून 1980च्या दशकाच्या सुरुवातीला दोन्ही जाती बंगळूरला आल्या. इतर पिकांना त्रास होणार नाही, याची चाचणी करूनच त्यांना तलावांत सोडलं. या किड्यांचा पूर्ण जीवनक्रम जलपर्णीवाचून होत नाही, हा या उपायाचा पाया. बंगळूरच्या काही तलावांवर तीनेक वर्षांत जलपर्णी आटोक्यात आली. आफ्रिकेतल्या व्हिक्टोरिया सरोवरातही 1990च्या दशकाच्या अखेरीस ती झपाट्याने घटली. त्या श्रेयात 1997-98च्या एल निनोच्या वादळी हवेचाही वाटा होता, असं काही अभ्यासक मानतात.

आपल्याकडे इंद्रायणी, पवना, पंचगंगेत दरवर्षी उन्हाळ्यात जलपर्णी, कोल्हापूरकडचं केंदाळ, दाटतं. नदीत मिसळणारं सांडपाणी तिला खत पुरवतं. किड्याला पिढ्या वाढवायला वर्षं लागतात, आणि आपण मात्र पात्र एका दमात साफ करतो. यंत्राने उपसलेल्या ढिगात देठांतल्या अळ्या आणि मुळांवरचे कोषही काठावर जाऊन वाळतात. पावसाळ्यात पूर आला की उरलेली जलपर्णी किड्यांसकट वाहून जाते. मग पुढच्या वर्षी बियांतून उगवलेल्या कोवळ्या रोपांना खाणारं तिथं कुणी नसतं. म्हणून जिथं हे किडे सोडले जातात तिथं, निदान स्थिर पाण्याच्या तलावात, जलपर्णीचा एक कोपरा न उपसता, न फवारता राखायचा असतो. तिथूनच पुढची पिढी बाहेर पडते.