तगादा चालू ठेवला म्हणून मुदत वाढत नाही

बांधकामावरच्या उपकंत्राटदारांमध्ये एक समज वर्षानुवर्षं फिरतोय: मुख्य कंत्राटदाराला फोन करत राहा, वकिलाची नोटीस धाडा, म्हणजे पैसे मागायची मुदत संपत नाही.

हे खरं नाही. पैसे कधी द्यायचे हे ठरलेलं नसेल, तर 1963 च्या मुदत कायद्यात केलेल्या कामाच्या मोबदल्यासाठी 3 वर्षं आहेत आणि ती काम झाल्या दिवसापासून मोजतात. समजा, गिलाव्याचं काम 10 मार्च 2022 ला संपलं. मग दावा 10 मार्च 2025 पर्यंत दाखल व्हायला हवा. मधल्या काळात दहा नोटिसा गेल्या तरी ही तारीख हलत नाही. समोरच्याने मुदतीचा मुद्दा काढला नाही, तरी कोर्टाला असा दावा फेटाळावाच लागतो. घाम गाळून केलेल्या कामाचे पैसे असे जातात, याचं फार वाईट वाटतं.

मुदत नव्याने सुरू होते ती मुख्य कंत्राटदाराच्या कृतीने, तीही जुनी मुदत संपण्याआधी. त्याने देणं लेखी मान्य करून सही करायला हवी, किंवा काही रक्कम स्वतःच्या सहीच्या चेकने द्यायला हवी. ‘पुढच्या बिलात बघू’ हे तोंडी आश्वासन चालत नाही. मोजमाप वहीत ‘बाकी देणं आहे’ एवढी ओळ, खाली सही आणि तारीख असली तरी उपयोग होतो. नेमका आकडा नसला तरी.

पडताळायचं असेल तर कायद्यातली कलमं 3, 18, 19 आणि परिशिष्टातला अनुच्छेद 18 वाचा.