चहाचा गुण अंगी लागावा म्हणून: ग्राहकांसाठी माहितीपत्रक

नमस्कार!

चहापूड घेताना हल्ली बरेच जण विचारतात, "ग्रीन टीनं वजन उतरतं का? कोऱ्या चहानं रंग उजळतो का?" वजनावर ग्रीन टीचा परिणाम अगदी तुटपुंजा असतो आणि त्वचेचा मूळ रंग चहानं बदलत नाही, हेच आम्ही काउंटरवरही सांगतो. पण चहात खरोखर चांगलं असं बरंच काही आहे. ते आपल्याला मिळतं की वाया जातं, हे चहा कसा करतो आणि कधी पितो यावर ठरतं.

ग्रीन टी आणि आपला रोजचा चहा एकाच झुडपाचा. खुडलेल्या पानाला लगेच वाफ दिली किंवा ते भाजलं की हिरवा चहा होतो. तेच पान चुरडून हवेवर काळं पडू दिलं की काळा. त्यामुळे काळ्या चहाला कमी लेखायचं कारण नाही. ब्रिटनमधल्या सुमारे 5 लाख लोकांच्या पाहणीचे निष्कर्ष 2022 मध्ये प्रसिद्ध झाले. रोज दोन किंवा अधिक कप चहा पिणाऱ्यांत मृत्यूचं प्रमाण न पिणाऱ्यांपेक्षा 9 ते 13 टक्क्यांनी कमी दिसलं, दूध घालणाऱ्यांतसुद्धा. एवढ्यावरून चहानंच आयुष्य वाढतं असं म्हणता येणार नाही, पण दुधाच्या चहाची धास्ती घ्यायला नको.

जेवणाला लागून चहा नको

आम्हाला सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते हे. चहातली टॅनिनं, म्हणजे त्याला तुरटपणा देणारी द्रव्यं, धान्य, डाळी, पालेभाज्यांमधलं लोह पुरतं अंगी लागू देत नाहीत. महाराष्ट्रात 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्त कमी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळलं आहे. आपल्याकडे पोह्यांवर लिंबू पिळतात, त्यानं लोह शोषायला मदत होते. लगेच वर कपभर चहा घेतला की तो फायदा बराचसा जातो. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2024 च्या आहारविषयक सूचनांमध्ये जेवणाआधी आणि जेवणानंतर निदान एक तास चहा टाळायला सांगितलंय. लोहाच्या गोळ्या चालू असतील तर त्याही चहासोबत घेऊ नका. कॅफिनची मर्यादा त्याच सूचनांत दिवसाला 300 मिलिग्रॅम दिली आहे आणि चहाच्या 150 मिलिलिटरच्या कपात ते 30 ते 65 मिलिग्रॅम असतं. गरोदर बायकांनी याहून कमीच घ्यावं, डॉक्टरांना विचारून.

साखरेचंही तसंच. कपाला दोन चमचे आणि दिवसाला चार कप, म्हणजे आठ चमचे साखर नुसत्या चहातून पोटात जाते. दर आठवड्याला पाव चमचा कमी करत जा. जिभेला सवय होते. पातेल्यातला चहा थेट ओठाला लावू नका. 65 अंशांपेक्षा गरम पेयांचा अन्ननलिकेच्या कर्करोगाशी संबंध असावा, असं जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोगविषयक संस्था सांगते.

ग्रीन टी कडू लागतो म्हणून सोडून देणारे बहुधा तो उकळतात. पाण्याला आधण आलं की गॅस बंद करा, तीन-चार मिनिटं थांबा, मग कपाला एक चमचा पत्ती टाकून दोन-तीन मिनिटं झाकण ठेवा आणि गाळा. ग्रीन टीच्या अर्काच्या गोळ्या आम्ही ठेवत नाही. मोठ्या मात्रेत त्यांनी यकृताला इजा होऊ शकते.

केसांना, डोळ्यांना

मेंदी भिजवायला कोऱ्या चहाचं पाणी आपल्याकडे पूर्वीपासून वापरतात, रंग गडद येतो. न्हाल्यावर शेवटी गार कोरा चहा केसांवर ओतला तर काळ्या केसांना तात्पुरती गडद झाक येते. पांढरे केस मात्र काळे होत नाहीत. टॉवेल जुनाच घ्या, डाग पडतात. जागरणानं डोळ्यांखाली सूज आली असेल तर वापरलेल्या दोन टी-बॅग फ्रिजमध्ये गार करून मिटल्या डोळ्यांवर दहा मिनिटं ठेवा. गारव्यानं आणि कॅफिननं सूज थोडी उतरते. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून पाहा, खाज आली तर नको. दूध-साखरेचा चोथा चेहऱ्याला लावू नका. कुंडीत टाकायचा तर आधी धुऊन घ्या, नाहीतर मुंग्या होतात.

पूड पारखताना

टीपकागदावर चिमूटभर पूड पसरून वर पाणी शिंपडा. पूड काढून कागद नळाखाली धरा आणि उजेडात बघा. रंग मिसळलेल्या पुडीचे डाग राहतात, चांगल्या पुडीचे राहत नाहीत. आमची पूड घेण्याआधी हे दुकानातच करून पाहा, कागद आम्ही देऊ.