पर्यावरणपूरक लेबल

पर्यावरणपूरक लेबल : उत्पादनाच्या वेष्टनावर चिकटवलेले, चढवलेले किंवा छापलेले असे लेबल, की ज्याच्यामुळे ते वेष्टन पुन्हा वापरण्यात किंवा त्याचे पुनर्चक्रण करण्यात अडथळा येत नाही. लेबल घेताना उत्पादक बहुधा त्याचा कागद पाहतो, त्यावरचे हिरवे पान पाहतो. पाहायला हवी ती बाटली किंवा डबा. बाटलीच्या मानाने लेबलचे वजन नगण्य, पण चुकीचे लेबल अख्खी बाटली वाया घालवू शकते. त्यामुळे लेबल सुटे निवडता येत नाही. ज्यावर ते बसणार, त्याच्याशी त्याची जोडी जमवावी लागते.

आज दुकानात दिसणारी बरीच लेबले स्वयंचिकट असतात. आर. स्टँटन एव्हरी यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत अशी लेबले बनवायला सुरुवात केली. त्यांत वर छपाईचा थर, मध्ये गम आणि मागे सिलिकॉन लावलेला गुळगुळीत कागद असतो. लेबल लागले की हा मागचा कागद उरतो. गिऱ्हाइकाला तो कधी दिसत नाही, पण कारखान्यात त्याचे ढीग साचतात आणि सिलिकॉनमुळे साध्या कागदगिरणीत तो चालत नाही. त्यावर उपाय म्हणून मागचा कागद नसलेली लेबलेही निघाली आहेत. त्यांत सिलिकॉन लेबलच्या वरच्याच बाजूला लावतात आणि रीळ चिकटपट्टीसारखे उलगडते.

निवडीचा खरा कस लागतो तो ‘पेट’ (पीईटी) या प्लॅस्टिकच्या, म्हणजे पाण्याच्या नेहमीच्या पारदर्शक बाटलीवर. पुनर्चक्रणाच्या कारखान्यात बाटल्यांचा चुरा करून तो कॉस्टिक सोड्याच्या गरम पाण्यात धुतात आणि नंतर पाण्याच्या टाकीत सोडतात. पेटची घनता पाण्याच्या सुमारे १.३८ पट, म्हणून तो तळाला बसतो. पॉलिप्रॉपिलीन आणि पॉलिएथिलीन पाण्यापेक्षा हलके, म्हणून झाकणांचे आणि लेबलांचे तुकडे वर तरंगतात आणि अलगद काढून घेता येतात. सगळी विभागणी या बुडण्या-तरंगण्यावर चालते. पीव्हीसीचे लेबल पेटबरोबरच बुडते आणि चुरा वितळवताना त्यातून आम्ल सुटून माल पिवळा व ठिसूळ होतो. पीईटी-जी या प्रकारच्या प्लॅस्टिकचे आवरणही बुडते आणि चुरा वाळवताना लवकर मऊ पडून त्याचे गोळे होतात. ही परीक्षा घरीही करता येते : लेबलचा तुकडा कापून ग्लासभर पाण्यात बोटाने पूर्ण बुडवावा, हवेचे बुडबुडे निघू द्यावेत आणि सोडावा. तो वर आला, तर पेट बाटलीसाठी निम्मे काम झाले. उरलेले निम्मे गमचे : गरम धुलाईत तो लेबलसकट सुटला पाहिजे. शाईचा रंगही पाण्यात उतरता कामा नये, नाहीतर पांढरा चुरा रंगतो.

कागदाबद्दल इथे मोठा गैरसमज आहे. प्लॅस्टिकच्या बाटलीवर कागदी लेबल लावले की माल ‘हिरवा’ झाला, असे पुष्कळ छोट्या उत्पादकांना मनापासून वाटते. धुलाईत त्या कागदाचा लगदा होतो, त्याचे तंतू चुऱ्याला चिकटतात आणि पुढे वितळवताना जळून काळे ठिपके पडतात. मक्यापासून बनवलेल्या पीएलए या कंपोस्ट होणाऱ्या प्लॅस्टिकचे लेबलही पेट बाटलीवर नको. तेही पाण्यापेक्षा जड, म्हणजे पेटबरोबर बुडणारे. ते शोभते कंपोस्ट होणाऱ्याच पिशवीवर.

बाटलीला गळ्यापासून बुडापर्यंत झाकणारे श्रिंक स्लीव्ह, म्हणजे उष्णतेने आवळून बसवलेले प्लॅस्टिकचे आवरण, दिसायला देखणे, पण छाननी यंत्राचा अवरक्त किरण बाटलीऐवजी स्लीव्हलाच वाचतो आणि बाटली भलत्याच ढिगात जाते. भारतात छाननी बरीचशी हातांनीच होते. भंगाराच्या गोदामात बाया मांडी घालून बसतात आणि एकेका बाटलीवरचे लेबल पातीने चिरून काढतात. स्लीव्हवर टिंबाटिंबांची फाडरेषा ठेवली, तर तेवढी पाती चालवावी लागत नाही. या एका रेषेचा विचार उत्पादकाने आवर्जून करावा.

आइस्क्रीमच्या पॉलिप्रॉपिलीन डब्यावर पॉलिप्रॉपिलीनचेच लेबल साच्यात बसवतात. दोन्ही एकाच जातीचे असल्याने सोलण्याची गरज उरत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यावर कागदी लेबल किंवा सरळ छपाई बरी.

काचेचे गणित वेगळे, कारण काचेची बरणी पुन्हा भरता येते. लोणच्याची रिकामी बरणी घरात ठेवून घ्यायची म्हणून आपण ती कोमट पाण्यात बुडवतो. खळीने किंवा केसीनच्या (दुधातल्या प्रथिनाच्या) डिंकाने लावलेला कागद थोड्या वेळात सुटा होतो. कायमच्या गमचे लेबल असले की वरचा कागद निघतो आणि खाली चिकट थर राहतो. मग खोबरेल तेल लावून घासत बसायचे. बाटल्या परत घेऊन धुणाऱ्या कारखान्यातही हाच फरक पाणी, सोडा आणि वेळ यांच्या रूपाने मोजावा लागतो. कोकम सरबत किंवा आगळ काचेच्या बाटलीत भरणाऱ्या बचत गटाने छापखान्यात ‘पाण्याने सुटणारा गम’ असे स्पष्ट सांगून लेबल करून घ्यावे.

लेबलवरील दाव्यांचाही निवडीशी संबंध आहे. त्रिकोणातला १ ते ७ हा आकडा अमेरिकेत १९८८ मध्ये प्लॅस्टिकची जात ओळखण्यासाठी आला. त्यावरून वस्तूचे पुनर्चक्रण होतेच असे ठरत नाही. एफएससी (फॉरेस्ट स्ट्युअर्डशिप कौन्सिल) या संस्थेची खूण कागदाच्या उगमाविषयी, म्हणजे जंगलाच्या व्यवस्थापनाविषयी बोलते, गमविषयी नाही. पर्यावरणपूरक वस्तूंना खूण देणारी भारताची ‘इकोमार्क’ योजना १९९१ ची. तिची जागा २०२४ च्या नियमांनी घेतली. त्याच वर्षी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणविषयक फसव्या दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक सूचना काढल्या. पुराव्याशिवाय नुसते ‘पर्यावरणपूरक’ किंवा ‘हरित’ असे छापणे आता चालत नाही.

लेबलच नको, हा विचार जपान आणि दक्षिण कोरियात रुजतो आहे. जपानमध्ये असाही कंपनीने २०१८ मध्ये बिनलेबलची पाण्याची बाटली आणली, कोरियात लोट्टे चिल्सुंगने २०२० मध्ये. अशा बाटल्या खोक्याने विकतात आणि सगळा तपशील खोक्यावर असतो. स्वीडनमध्ये आयसीए या दुकानसाखळीने २०१६ मध्ये अ‍ॅव्होकाडो आणि रताळ्याच्या सालीवर लेसरने खूण करून स्टिकर वगळून पाहिले. आपल्याकडे वैध मापन (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत वगैरे माहिती पाकिटावर द्यावी लागते. त्यामुळे सुट्या विकल्या जाणाऱ्या बाटलीचे लेबल सहज काढून टाकता येत नाही. ते लहान करता येते, किंवा मजकूर थेट बाटलीवर छापता वा कोरता येतो.