ऑटावा सेनेटर्स (जुना संघ)

कॅनडाची राजधानी ऑटावा येथील आइस हॉकी संघ. स्थापना बहुधा १८८३. उत्तर अमेरिकेतील प्रमुख व्यावसायिक स्पर्धा असलेल्या नॅशनल हॉकी लीगमधील (एनएचएल) अखेरचा हंगाम १९३३–३४. १९९२ पासून याच नावाने खेळणारा संघ वेगळा असून त्याचा उल्लेख नोंदीच्या अखेरीस केला आहे.

स्थापना : १८८३ च्या हिवाळ्यात माँट्रिऑलच्या हिमोत्सवात झालेले सामने पाहून आलेल्या हॅल्डर कर्बी, जॅक केर व फ्रँक जेंकिन्स या तरुणांनी ऑटावा हॉकी क्लब उभा केला, असे बहुतेक इतिहासकार मानतात. मात्र १८८७ नंतर हक्काचे रिंक (बर्फाचे क्रीडांगण) उरले नाही आणि १८८९ मध्ये रिडो रिंक उघडेपर्यंत संघ जवळजवळ निद्रिस्त होता. त्यामुळे सलग इतिहास १८८९ पासून धरावा, अशीही एक बाजू मांडता येते. संस्थापकांपैकी काहीजण दोन्ही टप्प्यांत दिसत असल्याने १८८३ हे वर्ष सोडण्याचे सबळ कारण नाही. ‘सेनेटर्स’ हे नाव मागाहून, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात, वृत्तपत्रांतून रुळले. तोपर्यंत संघाला सहसा नुसते ‘ऑटावा’ म्हणत. तांबड्या, काळ्या व पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचा सदरा ही संघाची ओळख होती.

स्टॅन्ली चषक व विजयांची संख्या : १८ मार्च १८९२ रोजी याच संघाच्या सन्मानार्थ दिलेल्या मेजवानीत कॅनडाचे गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांचे चषक देऊ करणारे पत्र वाचले गेले. हाच आइस हॉकीतील विजेतेपदाचा स्टॅन्ली चषक. चषक प्रत्यक्षात १८९३ मध्ये माँट्रिऑलकडे गेला आणि ऑटावाला त्यासाठी १९०३ पर्यंत थांबावे लागले.

संघाने चषक किती वेळा जिंकला, याची उत्तरे ९ पासून ११ पर्यंत मिळतात. मुळात हा फिरता चषक होता. तो ज्याच्याकडे असेल त्याला इतर संघ आव्हान देत आणि आव्हान स्वीकारार्ह आहे की नाही ते विश्वस्त ठरवीत. स्वीटलंड व रॉस हे पहिले विश्वस्त. त्यांपैकी रॉस हे ऑटावातील वृत्तपत्रमालक, शिवाय स्वतः या संघातून खेळलेले. आजच्या फूटपट्टीने ही नेमणूक खटकेल. चषक हंगामाच्या मध्यावरही हातचा जाऊ शके, त्यामुळे ‘अमुक वर्षाचा विजेता’ ही कल्पनाच त्या काळाला नीटशी लागू पडत नाही.

१९०४ चा प्रसंग पाहण्यासारखा आहे. एका सामन्यावरून वाद होऊन ऑटावाने हंगाम अर्धवट टाकून आपली साखळी (लीग) सोडली. क्यूबेक संघाने साखळी जिंकून चषकावर हक्क सांगितला. विश्वस्तांनी मात्र, साखळी सोडली म्हणून चषक सुटत नाही, असा निर्णय दिला. १९०६ मध्ये फेब्रुवारी व मार्चमध्ये ऑटावाने क्वीन्स विद्यापीठ आणि स्मिथ्स फॉल्स यांची आव्हाने परतवली, पण लगेच माँट्रिऑल वाँडरर्सकडून चषक गमावला. १९१० मध्येही तसेच घडले : जानेवारीत गॉल्ट व एडमंटन यांना हरवले, मार्चमध्ये साखळी व चषक वाँडरर्सकडे गेला. ही दोन्ही वर्षे धरली तर विजय ११ होतात, आणि प्रचलित याद्यांत हाच आकडा दिसतो. हंगाम संपताना चषक कोणाकडे होता एवढेच पाहिले तर १९०३, १९०४, १९०५, १९०९, १९११, १९२०, १९२१, १९२३ व १९२७ असे ९ उरतात. नंतरच्या काळातील संघांशी तुलना करायची असेल तर दुसरा निकष अधिक न्याय्य ठरतो. नाहीतर एकाच वर्षाचे श्रेय दोन संघांच्या खाती पडते.

‘सिल्व्हर सेव्हन’ (१९०३–०६) : त्या काळी प्रत्येक बाजूचे सात खेळाडू रिंकवर उतरत. १९०३ च्या विजयानंतर खेळाडूंना चांदीचे गोटे भेट मिळाले, त्यावरून संघाला हे टोपणनाव पडले असे सांगतात. संघाचा सर्वांत नावाजलेला खेळाडू फ्रँक मॅगी एका डोळ्याने अधू होता. जानेवारी १९०५ मध्ये कॅनडाच्या दूरच्या वायव्येकडील युकॉन प्रदेशातल्या डॉसन सिटीचा संघ पायी, सायकलवर, बोटीने व आगगाडीने सुमारे ६,४०० किमी. प्रवास करून आव्हानाला आला आणि ९–२ व २३–२ असा हरला. दुसऱ्या सामन्यात एकट्या मॅगीने १४ गोल केले. पाहुणे प्रवासाने थकलेले होते, हे हा विक्रम सांगताना सहसा राहून जाते. मॅगी पहिल्या महायुद्धात सॉमच्या लढाईत १९१६ मध्ये मारला गेला.

१९०६ ची वाँडरर्सविरुद्धची लढत दोन सामन्यांच्या एकूण गोलांवर होती. पहिला सामना ऑटावाने १–९ असा गमावला. दुसऱ्यासाठी त्यांनी स्मिथ्स फॉल्सचा गोलरक्षक पर्सी लेसूअर याला आणले. तो काहीच दिवसांपूर्वी त्यांच्याविरुद्ध उभा होता. ऑटावाने ९–१ अशी आघाडी घेऊन एकूण गोल १०–१० असे बरोबरीत आणले, पण अखेरीस लेस्टर पॅट्रिकने दोन गोल करून चषक नेला.

एनएचएल काळ : नोव्हेंबर १९१७ मध्ये माँट्रिऑलच्या विंडसर हॉटेलात स्थापन झालेल्या एनएचएलचा ऑटावा हा संस्थापक सदस्य. १९२० ते १९२७ मध्ये संघाने चार वेळा चषक जिंकला. १९२० च्या चषकाच्या लढतीत प्रतिस्पर्धी सिअ‍ॅटलचा सदराही तशाच पट्ट्यांचा असल्याने ऑटावाला पांढरे सदरे घालावे लागले. पुढे बर्फ मऊ पडल्यामुळे शेवटचे दोन सामने टोराँटोच्या कृत्रिम बर्फावर हलवले गेले. तेव्हा नियमभंगाबद्दल काही मिनिटे बाहेर बसण्याची शिक्षा गोलरक्षकालाही स्वतःच भोगावी लागे. १९२३ च्या अंतिम सामन्यात क्लिंट बेनेडिक्ट दोन मिनिटे बाहेर बसला, तेव्हा किंग क्लॅन्सी गोलात उभा राहिला. एव्हाना तो मैदानावरील इतर सर्व जागांवर खेळून झाला होता.

ऱ्हास : १९२४ पासून लीग बॉस्टन, न्यूयॉर्क, शिकागो अशा अमेरिकन शहरांत पसरली. ऑटावाची वस्ती तेव्हा लाखाच्या थोडी वर होती. तिकिटांच्या उत्पन्नावर मोठ्या शहरांच्या बरोबरीने पगार देणे शक्य नव्हते. खेळाडू विकून खर्च भागू लागला. १९३० मध्ये क्लॅन्सीला टोराँटोने ३५,००० डॉलर व दोन खेळाडू देऊन घेतले. काही ‘घरचे’ सामनेही अमेरिकेत खेळवावे लागले. महामंदीत १९३१–३२ चा हंगाम संघ बंद राहिला व खेळाडू इतरांना उसने गेले. त्यांपैकी फ्रँक फिनिगनने त्याच वर्षी टोराँटोकडून चषक जिंकला. परतल्यावर संघ दोन्ही हंगामांत तळाशी राहिला. १५ मार्च १९३४ च्या घरच्या अखेरच्या सामन्यात न्यूयॉर्क अमेरिकन्सचा गोलरक्षक जायबंदी होता, म्हणून ऑटावाने त्यांना आपला अ‍ॅलेक कॉनेल उसना दिला आणि सामना २–३ असा गमावला.

त्यानंतर फ्रँचायझी सेंट लुईसला ‘ईगल्स’ नावाने गेली. तिला लीगच्या कॅनेडियन विभागातच ठेवल्याने माँट्रिऑल व टोराँटोचा रेल्वेखर्च डोईजड झाला आणि एका हंगामात, १९३५ मध्ये, ती गुंडाळली गेली. ऑटावात सेनेटर्स नावाचा हौशी वरिष्ठ संघ मात्र राहिला. त्याने १९४९ मध्ये कॅनडातील हौशी संघांचा ॲलन चषक जिंकला.

नवा संघ : डिसेंबर १९९० मध्ये ऑटावाला नवी फ्रँचायझी मंजूर झाली. तिच्या मोहिमेत वृद्ध फिनिगन सहभागी होता, पण तो डिसेंबर १९९१ मध्ये वारला. ८ ऑक्टोबर १९९२ रोजी नव्या संघाने पहिला सामना माँट्रिऑलविरुद्ध ५–३ असा जिंकला आणि फिनिगनचा सदऱ्यावरील ८ क्रमांक त्याच्या सन्मानार्थ कायमचा राखून ठेवला. हंगामाअखेर विजय १०, पराभव ७० आणि बरोबरी ४ अशी नोंद झाली. २००७ मध्ये संघ अंतिम फेरीत अ‍ॅनाहाइमकडून हरला. लीग या दोन संघांचे विक्रम स्वतंत्र मोजते. जुन्या चषकांचे ध्वज मात्र नव्या संघाने आपल्या सभागृहात लावले आहेत.