लिंबाचा लेप आणि सकाळचं ऊन

मे महिन्यात जांभळी नाक्यावर लिंबाचा भाव ऐकून माणूस चारच्या जागी दोन घेऊन परततो. तरी त्यातली अर्धी फोड चेहऱ्यासाठी बाजूला काढणारी घरं ठाण्यात कमी नाहीत. लिंबू-मध, लिंबू-बेसन, लिंबू-साखर, काहीही. ‘घरचंच तर आहे, त्याने काय होतंय?’ काय होतं ते दोन दिवसांनी कळतं आणि तोवर लिंबू लावलेलं कुणाच्या लक्षातही नसतं.

समजा, घंटाळीतल्या कुणी एकीने रविवारी सकाळी लेप लावला, वीस मिनिटांनी धुतला आणि ती उपवन तलावावर फेरी मारायला गेली. त्या दिवशी काहीच होत नाही. सोमवारी गालावर, हनुवटीखाली लाली येते, आग होते. मंगळवारी पाण्याचे फोड. खाज फारशी नाही, चटका बसल्यासारखं दुखतं. फोड सुकले की मागे तपकिरी-काळे डाग राहतात आणि त्यांचे आकार चमत्कारिक असतात: ओघळ, शिंतोडे, बोटांचे ठसे. रस जिथून वाहिला तिथेच डाग. लहान मुलांच्या अंगावर पंजाचे असे ठसे पाहून मारहाणीचा संशय घेतला गेल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. प्रत्यक्षात कुणीतरी लिंबं पिळलेल्या हातांनीच पोराला उचललेलं असतं.

या प्रकाराचं नाव फायटोफोटोडर्मटायटिस, म्हणजे वनस्पतीचा रस आणि ऊन मिळून होणारा त्वचेचा दाह. ही अ‍ॅलर्जी नाही, त्यामुळे ‘मला कशाची अ‍ॅलर्जी नाही’ म्हणणाऱ्यालाही हा त्रास होतो. लिंबात फ्युरानोकुमारिन गटातले रेणू असतात, सोरालेन आणि बर्गाप्टेन हे त्यातले महत्त्वाचे. कातडीत मुरले की ते पेशीच्या डीएनएच्या दोन धाग्यांमध्ये शिरून बसतात. अंधारात तिथेच निमूट पडून राहतात. उन्हातले 320 ते 400 नॅनोमीटर तरंगलांबीचे यूव्हीए हे अतिनील किरण पडले, की दोन्ही धाग्यांना पक्के चिकटतात. धागे एकमेकांना बांधले गेले की पेशीला विभागता येत नाही आणि ती मरते. उरलेल्या त्वचेत मेलॅनिन या रंगद्रव्याचं उत्पादन वाढतं. आपल्या गहू-सावळ्या कातडीत मुळातच मेलॅनिन भरपूर, म्हणून आपले डाग जास्त गडद आणि चिवट.

कातडी सर्वांत हळवी होते ती रस लागल्यानंतर साधारण अर्ध्या ते दोन तासांत. म्हणजे लेप धुऊन, कपडे बदलून आपण घराबाहेर पडतो नेमकी तीच वेळ. साध्या काचेतून यूव्हीए बऱ्यापैकी आत येतात, तेव्हा टीएमटी बसच्या खिडकीशी बसूनही सुटका नाही.

त्यात आपलं लिंबू वेगळं. परदेशी व्हिडिओत दिसतं ते मोठं, पिवळं लेमन. आपलं कागदी लिंबू ही दुसरी जात, आणि तिच्यात हे रेणू जास्त. गरापेक्षा सालीत तर कितीतरी पटींनी. सालीचा तुकडा पेटत्या गॅसजवळ दाबून पाहा, ज्योतीत तडतड ठिणग्या उडतात. ते सालीतल्या बारीक पिशव्या फुटून उडालेलं तेल. फोड चेहऱ्यावर उलटी करून चोळणारे हेच तेल अंगाला लावून घेत असतात.

गंमत म्हणजे सोरालेन हे औषधही आहे. बावचीच्या बिया कोडावर लावून डाग उन्हात धरायची रीत आयुर्वेदात जुनी. 1933 मध्ये भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी त्या बियांतून सोरालेन वेगळं केलं. 1940 च्या दशकात कैरोत अब्देल मोनेम एल मोफ्ती यांनी त्याच कुळातला रेणू कोडासाठी वापरला, आणि 1974 मध्ये बॉस्टनच्या डॉक्टरांनी सोरायसिसवर. पुवा नावाने हा उपचार आजही होतो: औषध मोजून, दिव्याचा प्रकाश मोजून, डोळ्यांना गॉगल लावून. उपवनच्या फेरीत यातलं काहीच मोजलेलं नसतं.

‘आधी मनगटाच्या आत थोडं लावून बघा’ हा सल्ला सगळेच देतात. या बाबतीत तो कुचकामी. मनगटाची आतली बाजू सावलीत असते, आणि उन्हाशिवाय ही चाचणी कायम पास होणार.

मग लिंबातून मिळतं तरी काय? ‘क’ जीवनसत्त्वासाठी म्हणावं, तर दुकानातल्या सिरममध्ये ते बहुधा 10 टक्क्यांच्या वर असतं. लिंबाच्या रसात 0.05 टक्क्यांच्या आसपास. सायट्रिक आम्ल मात्र पाचेक टक्के. रसाचा पीएच (आकडा जितका लहान तितकं आम्ल जास्त) 2 च्या जवळ, निरोगी त्वचेचा 5 च्या आसपास. ही मोजपट्टी दहा-दहाच्या पटीत चालते, म्हणजे रस हजारपट आम्लधर्मी. लावल्यावर चुरचुरतं त्याला लोक ‘काम करतंय’ म्हणतात!

सरसकट आजीच्या बटव्यावर खापर फोडायचं कारण नाही. दिवाळीचं उटणं कोरडं असतं, आयत्या वेळी कालवतात आणि लगेच धुतात. कोरड्या पुडीत जंतू वाढत नाहीत. कोरफडीचा गर गुलाबपाण्यात कालवून आठवडाभर फ्रिजमध्ये ठेवायची टूम अलीकडची. त्यात टिकाऊपणासाठी काही घातलेलं नसतं, ठाण्याच्या दमट हवेत डबा रोज उघडतो आणि बोटं रोज बुडतात. फोड आलेल्या गालावर तेच थापलं तर जंतुसंसर्गाला आमंत्रण. बिब्बा किती भाजतो ते आजीला ठाऊक होतं, म्हणून ती तो जपून हाताळायची. लिंबाचा तसा धाक कुणी घातला नाही.

लिंबू लागलंच असेल तर साबण-पाण्याने लगेच धुवायचं, नखांच्या कडाही, आणि दोन दिवस तो भाग उन्हापासून झाकायचा. फोड फोडायचे नाहीत. डाग बहुतेक वेळा आपणहून फिके पडतात, त्याला काही आठवडे ते महिने लागतात. घाई करून केमिस्टकडून स्टेरॉइड मिसळलेली गोरेपणाची ट्यूब आणली, तर कातडी पातळ पडते. फोड मोठे असतील किंवा डोळ्यांजवळ असतील, तर त्वचारोगतज्ज्ञांना गाठावं आणि दोन-तीन दिवसांपूर्वी उन्हात जाण्याआधी काय लावलं होतं ते आपणहून सांगावं. कारण लिंबू कुणी औषधात धरत नाही, आणि ‘काही लावलं होतं का?’ या प्रश्नाला बहुतेक जण ‘नाही’ म्हणतात.